जाळीचं टेबल

पॉवर सप्लाय कुठे बसवायचा, एवढाच प्रश्न होता. त्यावरून भाऊ-बहीण तीन दिवस एकमेकांशी धड बोलत नव्हती.

कॉम्प्युटरचं खोकं मोठं असलं की हा प्रश्न कुणाला पडत नाही. जागा भरपूर असते, टाका कुठल्याही कोपऱ्यात. पण या कारखान्यात बनायची ती खोकी चपलांच्या खोक्याएवढी. तेवढ्यात मदरबोर्ड बसवायचा, त्याचा पंखा, डिस्क, वायरींचा गुंता, आणि वर हा विटेएवढा सप्लाय. भिंतीतली वीज घ्यायची, आतल्या नाजूक मंडळींना सोसेल एवढी करायची आणि वाटायची, हे त्याचं काम. वाटता वाटता तो स्वतः तापतो, म्हणून त्याला स्वतःचा पंखा असतो. ते त्याचं तोंड. तोंड मोकळं असलं तर दहा वर्षं कुरकुर करत नाही. तोंड दाबलं की तापत जातो, आणि हद्द झाली की सगळं बंद करून मोकळा होतो. माणसं एवढी शहाणी नसतात. ती तापतात आणि कामाला लागतात.

"तोंड बाजूच्या पत्र्याकडे कर," ताई म्हणाली. "सप्लाय पुढच्या बाजूला उभा बसव, तोंडासमोरच्या पत्र्याला भोकं पाड. बाहेरची हवा सरळ आत."

"आणि ती भोकं दिसणार कशी? चाळणी!" धाकटा म्हणाला. "ताई, लोकांना आता बाजू कोरी पाहिजे. गुळगुळीत. तीनशे खोकी घेणाऱ्या हॉलवाल्यांनी चित्र बघून होकार दिलाय. सप्लाय तळाशी आडवा, तोंड खाली. खालून घेईल श्वास. पाय आहेत की खोक्याला."

"पाय पाच मिलिमीटरचे."

"मग? हवा काय हत्ती आहे, पाच मिलिमीटरमधून जायला अडेल?"

ऑफिसातली दोन पोरं हसली. धाकट्याच्या विनोदाला हसणं हे त्यांच्या कामातच धरलेलं होतं.

ताई हसली नाही. ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती आणि त्यातली बत्तीस वर्षं पत्रा वाकवायच्या मशीनपाशी उभी होती. घरातून शिकायला एकालाच पाठवणं शक्य होतं, आणि तो एक कोण हे कुणी बसून ठरवलं नव्हतं. अशा गोष्टी ठरवाव्या लागतच नाहीत. धाकटा शिकून आला, तोवर हिच्या बोटांना मिलिमीटर कळायला लागले होते. डोळे मिटून पत्रा चिमटीत धरायची आणि जाडी सांगायची. बाबा पाहुण्यांना हा खेळ करून दाखवायचे. पाहुणे वा वा करायचे आणि चहा पिऊन जायचे.

बाबांचा एक नियम होता. प्रत्येक खोक्याच्या झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवायची: 'तपासलं', तारीख आणि खाली ताईची सही. सहीशिवाय खोकं दाराबाहेर पडायचं नाही. मग बाबा गेले. जाताना त्यांनी कारखाना पोराला दिला आणि सही पोरीला दिली. वाटणी बरोबर झाली असं सगळे नातेवाईक म्हणाले.

ताईपाशी तेवढंच होतं. तेवढंच म्हणून ते ती फार जपायची.

तिसऱ्या दिवशी धाकटा खाली आला. नमुन्याचं खोकं त्याने स्वतः उचलून आणलं होतं. "भांडायचं कशाला? तुझ्याच टेबलावर लाव. तुझाच काटा, तूच बघ. बंद पडलं तर तू म्हणशील तसं करू."

त्या टेबलाची गोष्ट अशी. बावीस वर्षांपूर्वी ताईने ते स्वतः वेल्डिंग करून बनवलं होतं. लोखंडी अँगलची चौकट आणि वर फळीऐवजी जाड जाळी. त्याआधी लाकडी टेबल होतं. त्यावर पडलेला बारीक स्क्रू किंवा पत्र्याचा कीस खोक्याखाली जायचा, आत शिरायचा आणि बोर्ड जाळायचा. जाळी केल्यापासून कीस खाली ठेवलेल्या थाळ्यात पडायला लागला. बाबा खूश झाले होते. तेव्हापासून प्रत्येक खोकं त्याच जाळीवर चार तास पूर्ण ताणावर चालवायचं, आत उष्णता मोजणाऱ्या काट्याची वायर सोडायची आणि आकडा वहीत लिहायचा, ही कारखान्याची रीत.

तिने खोकं जाळीवर ठेवलं. चार तासांनी काटा जेमतेम एकावन्न अंशांवर होता. तिला वाटलं काटा अडकलाय. टिचकी मारली. एकावन्न. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं. एकोणपन्नास.

बंद पडणार यावर तिने हात कापून दिला असता. पण आपल्याला वाटतं ते आणि काटा दाखवतो ते यात काटा खरा, हे तिनेच आजवर नव्या माणसांना दरडावून शिकवलेलं. आता आपल्यावर आलं म्हणून काटा खोटा कसा म्हणायचा? तिने सही केली. पेन मधेच सुकलं, सहीचं शेपूट दोनदा ओढावं लागलं.

धाकटा एक अक्षर टोचून बोलला नाही. त्या दिवशी तिचा चहा त्याने स्वतः आणून दिला. ते तिला जास्त लागलं.

तीनशे खोकी गेली. हॉलवाले म्हणजे परीक्षांचे हॉल चालवणारे गृहस्थ. नोकरीच्या, प्रवेशाच्या परीक्षा आता कॉम्प्युटरवर होतात. पोरं येतात, तीन तास बसतात आणि तीन तासांत त्यांचं पुढचं सगळं ठरतं. दीड महिन्याने एका सकाळी फोन आला. धाकट्याने तो कानापासून जरा लांब धरूनच ऐकला.

दोघं हॉलवर पोचली तेव्हा हॉल रिकामा होता. हॉलवाले बारीक अंगाचे, हळू बोलणारे. हळू बोलणाऱ्याचा राग जास्त वाईट.

"चाळिसाव्या मिनिटाला पहिलं गेलं," ते म्हणाले. "मग लाइनच लागली. एकशे बारा मशीन. पोरं ओरडायला लागली. एक मुलगी मात्र उठेचना. स्क्रीन काळी झाली होती आणि ती टाइप करतच होती. तिला कुणी सांगायचं, मला कळेना."

ताई पहिल्या बाकाशी गेली. बाकावर जाड लोकरी कापड चिकटवलेलं होतं, कीबोर्डची खटखट घुमू नये म्हणून. चांगलं, दाट कापड. खोक्याचे पाचही मिलिमीटर त्यात रुतून बसले होते. तिने खोकं उचललं. खाली कापडावर गोल खूण उमटली होती, लोकर पंख्याच्या बाजूने ओढली जाऊन तिचे तंतू उभे राहिले होते. हात ठेवला तर बोका नुकताच उठून गेल्यासारखी जागा गरम.

तिने खिडकीत पडलेले चार खोडरबर घेतले आणि खोक्याच्या चार कोपऱ्यांखाली ठेवले. शेजारचं खोकं होतं तसंच ठेवलं. दोन्ही चालू केली. मग तिघं जण लग्नात चुकून एका सोफ्यावर बसलेल्या पाहुण्यांसारखी बसून राहिली. अडतिसाव्या मिनिटाला शेजारचं गेलं. खोडरबरवालं तासाभरानंतरही चालू होतं.

तेव्हा ताईला आपलं टेबल दिसलं. डोळ्यांपुढे लख्ख दिसलं. जाळी आणि जाळीखाली दोन फूट मोकळी हवा. त्या टेबलावर खाली तोंड केलेला सप्लाय का तापेल? त्याला तर तिथे बागेत बसवल्यासारखं झालं असणार. जगात कुठेच कुणी खोकं जाळीवर ठेवत नाही. बावीस वर्षं सगळ्या सप्लायची तोंडं मागे होती, वर होती, म्हणून टेबलाचं खोटं कधी उघडं पडलं नाही. पहिल्यांदा तोंड खाली आलं आणि टेबल पहिल्यांदा खोटं बोललं, तेही तिच्याच तोंडावर, आणि तिने त्यावर सही केली.

"माझं टेबल जाळीचं आहे," ती म्हणाली. "तिथे खालून हवा लागते, म्हणून आमच्याकडे चाललं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. चूक आहे माझी."

पुढचं वाक्य तिच्या जिभेवर होतं: पण तोंड खाली करायलाच नको होतं, मी तीन दिवस तेच सांगत होते. ती श्वास घ्यायला थांबली, तेवढं धाकट्याला पुरलं.

"ऐकलंत साहेब," तो पुढे झाला. "आमच्याकडे लपवाछपवी नाही. डिझाइन बरोबर होतं, तपासणीत गडबड झाली. टेबल जुनं, ताईही आता… किती वर्षं करतेय ती. माणूस आहे."

"अरे, पण डिझाइनसुद्धा—"

"ताई, घरी बोलू."

हॉलवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. आजारी माणसाच्या नातेवाइकाकडे पाहावं तसं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खरं बोलायला गेली आणि अर्ध्या खऱ्यावरच तिची जीभ कापली गेली.

गाडीत ती म्हणाली, "मला पुढे करून स्वतः मागे लपलास."

"मी एक शब्द तरी खोटा बोललो का? तूच म्हणालीस, चूक माझी."

तेच तर होतं. खोटं काही नव्हतंच. खोट्याशी भांडता येतं. अर्ध्या खऱ्याला कुठून धरायचं?

पुढच्याच आठवड्यात धाकट्याने रंगाच्या डब्यांमागून एक जुनं खोकं शोधून काढलं. ताईने सहा वर्षांपूर्वी हाताने बनवलेला नमुना. सप्लाय पुढे उभा, तोंड बाजूच्या पत्र्याला, पत्र्याला भोकं, मागच्या सॉकेटपासून सप्लायपर्यंत आतून ओढलेली छोटी वायर. त्या वेळी "बघू पुढे" म्हणून ठेवून दिलेला. 'पुढे' आता आलं होतं. धाकट्याच्या पोरांनी मापं घेतली, चित्र काढलं. वर लिहिलं 'दुसरी आवृत्ती', आणि डिझाइन करणाऱ्याच्या जागी धाकट्याचं नाव.

ताईने चित्रावरची मापं तपासली. सप्लाय नीट जागी बसतोय ना? मग नाव कुणाचंही असू दे. असं तिने स्वतःला सांगितलं. स्वतःला समजावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

तिने एक केलं. टेबलाच्या जाळीवर जाड प्लाय टाकला आणि हॉलवाल्यांकडून मागून आणलेलं तेच लोकरी कापड त्यावर चिकटवलं. दुसऱ्या आवृत्तीचा पहिला नमुना त्यावर ठेवला. चार तासांनी सेहेचाळीस. ती खुर्चीत बसली आणि कितीतरी दिवसांनी तिने पाठ टेकली.

मग हॉलवाल्यांसाठीची पाचशेची खेप तपासायला आली. त्यातलं पहिलं खोकं तिने टेबलावर घेतलं आणि तिचा हात थांबला. बाजूच्या पत्र्यावर, भोकांच्या बरोबर मध्यावर, तळहाताएवढी चकचकीत पाटी रिव्हेट मारून बसवली होती. पाटीवर कारखान्याचं नाव, म्हणजे बाबांचंच.

तरीही तिने खोकं चालवलं. काट्याला संधी द्यायची ही तिची सवय. सव्वादोन तासांनी सप्लायने मान टाकली.

ती वर ऑफिसात गेली. "पाटी चार बोटं मागे घे."

"मागे मॉनिटरच्या आड जाते. दिसायला नको?" धाकटा म्हणाला. "मागच्या वेळी आपलं नाव खराब झालं, ताई. आता नाव समोर दिसायलाच पाहिजे."

"ते नाव त्याच्या तोंडावर बसलंय. सव्वादोन तासांत बंद पडलं."

"सव्वादोन तास म्हणजे कमी झाले का?"

"परीक्षा तीन तासांची असते."

"परीक्षेत कोण एवढा ताण देतंय मशीनला? चार ओळी टाइप करतात पोरं. तुझी चाचणी फार कडक झालीय."

"सैल झाली तेव्हा चारचौघांत माझं वय काढलंस. आता कडक झाली तर ती नको."

धाकट्याने फोन उचलला. तो वाजला नव्हता.

ताईने सही केली नाही. चार दिवस पाचशे खोकी भिंतीला टेकून उभी राहिली आणि ती त्यांच्यासमोरून येत-जात राहिली. आपल्या सहीवाचून ती हलणार नाहीत याचं तिला समाधान होतं. तिचं म्हणावं असं शेवटचं समाधान.

पाचव्या दिवशी ती आली तेव्हा पॅकिंग चालू होतं. पॅकिंगच्या मावशी, ताईपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, पण तिला ताईच म्हणणाऱ्या. एका हाताने झाकण उघडत होत्या, दुसऱ्या हाताने मोठ्या रिळावरून स्टिकर सोलून आत चिकटवत होत्या.

"हे काय आणलंय, मावशी?"

"अहो ताई, बरं झालं बघा!" मावशींचा चेहरा फुलला. "तुमची सही आता छापूनच येते. पाचशे पाचशे सह्या करून मनगट धरायचं तुमचं. मीच म्हणायचे, या बाईच्या हाताचं कुणीतरी बघा. बघितलं बाई भावाने."

ताईने रीळ हातात घेतलं. 'तपासलं', तारीख, सही. सहीचं शेपूट दोनदा ओढलेलं. पेन सुकलं होतं त्या दिवशीची सही. तिच्या अख्ख्या आयुष्यातल्या हजारो खऱ्या सह्या फायलींत पडल्या होत्या, आणि यांनी नेमकी ती एक उचलली होती.

धाकटा जिन्यातच भेटला.

"मी सही केलेली नाही."

"केली आहेस. तुझीच आहे. मी काय गिरवली?"

"ती या खोक्यावर नाही केली."

"ताई, आता खोक्याखोक्याला बसून सही करायचे दिवस राहिले का? तू आराम कर. तुझा मान आहे म्हणून तर तुझी सही ठेवली. नसती ठेवली तर म्हणाली असतीस, भावाने पुसून टाकलं."

तिने हॉलवाल्यांना फोन लावला. सगळं सांगितलं: पाटी, सव्वादोन तास, छापलेली सही.

"ताई," ते हळूच म्हणाले, "तुमच्या भावाने मला आधीच सांगितलंय, मागच्या प्रकारापासून तुम्ही मनाला लावून घेतलंय. तुमचं घरचं घरात मिटवा. रविवारी माझी परीक्षा आहे. मला तपासल्याचा कागद लागतो, आणि कागद आहे."

"त्या मुलीचं काय झालं? उठत नव्हती ती?"

"आली होती पुन्हा फॉर्म भरायला," ते म्हणाले. "रविवारीच आहे तिचा पेपर."

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. सगळे बाहेर गेले. ताईने एकदा मनगट चोळलं, ड्रिल मशीन घेतलं आणि खाली बसली. पहिल्या खोक्याचे चार स्क्रू काढले, बाजूचा पत्रा सोडवला, पालथा घातला. आतल्या बाजूने भोकं होतीच, तिनेच सहा वर्षांपूर्वी मोजून आखलेली. मापायला नको, आखायला नको. आतून एकेका भोकात ड्रिल घालायचं आणि समोरच्या पाटीतून पार काढायचं. कीस फडक्याने पुसायचा, बोटाने कडा तपासायची, पत्रा परत बसवायचा. पाटीवरच्या नावाची पहिली तीन अक्षरं गेली, मधली गेली, शेवटची वेलांटी तेवढी राहिली. एक खोकं उचलून तिने कापडावर ठेवलं, चालू केलं आणि दुसरं घेतलं.

भूक लागली नाही. हात दुखला नाही. बत्तीस वर्षांत इतकं सरळ काम तिला मिळालं नव्हतं.

धाकटा दारात येऊन उभा राहिला तेव्हा टेबलावरचं खोकं सव्वा तास चालत होतं आणि काटा सत्तेचाळीसवर होता. त्याने काट्याकडे पाहिलं नाही. त्याने पाटीकडे पाहिलं.

"हे काय केलंस? बाबांचं नाव आहे ते!"

"बाबांनी नावाला भोक पाडलं असतं. तोंड नसतं दाबलं."

"वेड लागलंय तुला," तो म्हणाला. भिंतीपाशी गेला आणि ड्रिलचा प्लग ओढला. ड्रिल तिच्या हातात गुरगुरत थांबलं. मागे सगळे कामगार जमले होते. मावशी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. कुणी पुढे आलं नाही. यायचं कशाला? घरचं भांडण होतं.

तिने मोजली. अकरा खोकी झाली होती.

नाव खराब झालेला माल बाहेर पाठवता येत नाही, म्हणून ती अकरा भंगारात गेली. बाकीची चारशे एकोणनव्वद शनिवारी गाडीत चढली. प्रत्येकाच्या झाकणात तिची सही होती.